लहान लिबरल आर्ट्स कॉलेज की मोठे सार्वजनिक विद्यापीठ: आधी तिसऱ्या सत्राचे वेळापत्रक मांडून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात राहता. मुलीला तुमच्याच राज्यातल्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे आणि शेजारच्या राज्यातल्या, सुमारे २,००० विद्यार्थ्यांच्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजातही मिळाला आहे. विद्यापीठाचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ३४,००० डॉलर येतो. कॉलेजचा छापील खर्च ८८,००० डॉलर असला, तरी त्यांनी देऊ केलेली मदत वजा जाता तुम्हाला ५२,००० भरावे लागतील. मुलीला जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आवडतात, वैद्यकीय शिक्षणाचा विचार आहे पण तो पक्का नाही, स्वभाव अबोल आहे, धाकटा भाऊ दोन वर्षांनी कॉलेजात जाईल आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा आहे. अबोल मुलीला लहान कॉलेज बरे पडेल असे तुम्हाला वाटते, तर तिच्या वडिलांना वाटते की ज्या कॉलेजचे नाव ओळखीत कोणी ऐकलेले नाही, त्यासाठी एवढे पैसे का मोजायचे.

गेली एकवीस वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात गेली आणि नंतरची बारा एका लहान कॉलेजात. दोन्हीकडे मुले बहरताना पाहिली आणि दोन्हीकडे भरकटतानाही पाहिली. त्यामुळे यांतले कोणते चांगले, या प्रश्नाला माझ्याकडे एकच एक उत्तर नाही. मात्र तुमच्या मुलीला कुठे नेमके काय मिळेल हे शोधण्याची एक पद्धत आहे आणि ती मी मनापासून सुचवते. प्रवेश घेताना सगळ्या घराचे लक्ष पहिल्या सत्राकडे असते: वसतिगृहाची खोली, स्वागताचा आठवडा, कॅम्पसवरची झाडे. पहिले सत्र बहुतेक ठिकाणी बरे जाते, कारण नवख्यांना सांभाळून घेण्याची व्यवस्था सगळीकडेच असते. खरा कस लागतो तो तिसऱ्या सत्रात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये. तेव्हा प्राथमिक कोर्स संपत आलेले असतात, मुख्य विषय जाहीर करण्याची वेळ जवळ आलेली असते, आणि नवख्यांसाठीचा आधार काढून घेतलेला असतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करते, कारण मराठी घरांत तो वारंवार आढळतो. ‘लिबरल आर्ट्स’मधल्या ‘आर्ट्स’चा आपल्या कला शाखेशी संबंध नाही. मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या या लहान कॉलेजांत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे सगळे विषय पूर्ण पदवीपर्यंत शिकवले जातात. जनुक-संपादनाच्या कामासाठी २०२० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना या कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या पदवीधर आहेत. १९८९ मध्ये त्याच विषयाचे नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात शिकले. चेक यांनी पुढे बर्कलीच्या सार्वजनिक विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. पीएचडीनंतर डाउडना यांनी संशोधनासाठी जी प्रयोगशाळा निवडली ती चेक यांचीच, कोलोरॅडोच्या सार्वजनिक विद्यापीठातली. आज त्या स्वतः बर्कलीत प्राध्यापक आहेत. पदवी एका प्रकारच्या संस्थेत आणि पुढचे काम दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत, हा प्रवास अमेरिकेत अगदी नेहमीचा आहे, आणि चार वर्षांचा हा निर्णय जन्मभराचा समजून घरात जो ताण येतो तो थोडा तरी कमी व्हावा म्हणून हे आधीच सांगते. लहान कॉलेजांत सहसा नसते ते अभियांत्रिकी. स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड अशी थोडी कॉलेजे त्याला अपवाद आहेत. तुमच्या मुलीचा तो विषयच नसल्याने त्यात शिरत नाही.

आता मोठ्या विद्यापीठातले तिसरे सत्र. नोव्हेंबरमधल्या एका दुपारी माझ्यासमोर बसलेली विद्यार्थिनी मला अजून आठवते. तिची नोंदणीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. नोंदणीचा क्रम साठलेल्या क्रेडिट्सवर ठरतो, म्हणजे चौथ्या वर्षाची मुले आधी आणि दुसऱ्या वर्षाची बरीच नंतर. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या व्याख्यानाला जागा शिल्लक होत्या, पण त्याला जोडलेल्या प्रयोगशाळेच्या सेक्शनांपैकी, म्हणजे वेगवेगळ्या वेळांच्या गटांपैकी, फक्त शुक्रवार संध्याकाळचा एक उरला होता; संख्याशास्त्राच्या प्रतीक्षायादीवर ती सत्तेचाळिसावी होती, आणि जो सेक्शन मोकळा होता तो भौतिकशास्त्राच्या तासावर आदळत होता. आम्ही पाऊण तास बसून, एक कोर्स उन्हाळ्यावर ढकलून वेळापत्रक बसवले. तिची पदवी वेळेत झाली, पण त्या उन्हाळ्यात तिला ज्या प्रयोगशाळेत काम करायचे होते ते राहून गेले. यात कोणाची हयगय नव्हती. हजारो मुलांना एकाच शिडीवरून चढवणाऱ्या व्यवस्थेत असे होते, आणि ज्याला हे आधी ठाऊक असते तो पहिल्या वर्षापासूनच क्रम आखून ठेवतो.

मोठ्या विद्यापीठात याहून गंभीर बाब म्हणजे बंद मेजर, म्हणजे सगळ्यांना खुला नसलेला मुख्य विषय. संगणकशास्त्र, व्यवसाय व्यवस्थापन, नर्सिंग अशा मागणीच्या विषयांना अनेक ठिकाणी स्वतंत्र प्रवेश असतो आणि विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे त्या विषयात मिळाला असे होत नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसमध्ये संगणकशास्त्र अर्ज करतानाच निवडावे लागते. दुसऱ्या विभागातून नंतर तिकडे वळणे जवळजवळ अशक्य आहे. तुमच्या मुलीचे विषय बहुतेक विद्यापीठांत खुले असतात, तरी अर्थशास्त्राला काही ठिकाणी आधीच्या कोर्सांतल्या किमान गुणांची अट असते. ती अट विभागाच्या पानावर लेखी पाहा; कॅम्पस दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या शब्दावर विसंबू नका.

लहान कॉलेजातले तिसरे सत्र वेगळे दिसते. नऊ मुले एका लांबट टेबलाभोवती, प्राध्यापक त्यांच्यातच एका खुर्चीवर. एका बुधवारी त्यातला एक मुलगा सलग दुसऱ्यांदा आला नाही, तेव्हा दुपारपर्यंत प्राध्यापकांचा मला फोन आला होता. संध्याकाळपर्यंत कळले की त्याचे वडील रुग्णालयात आहेत, आणि त्याच्या दोन निबंधांच्या मुदती तो स्वतः विचारण्याआधीच पुढे गेल्या होत्या. मोठ्या विद्यापीठातल्या ३०० जणांच्या व्याख्यानात हा मुलगा चाचणी परीक्षेच्या निकालापर्यंत कोणाच्या लक्षात आला नसता. ही या कॉलेजांची सर्वांत मोठी ताकद आहे आणि कोणत्याही क्रमवारीच्या आकड्यात ती उतरत नाही. विल्यम्स कॉलेजच्या ट्युटोरियल पद्धतीत तर दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक दर आठवड्याला भेटतात. एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. एका सत्रात असे पाच-सहा निबंध लिहून तितकेच तपासलेल्या मुलाच्या लेखनात पडलेला फरक वाचताक्षणी कळतो.

मात्र याच लहान कॉलेजात एका मुलीला रोगप्रतिकारशास्त्र शिकायचे होते आणि ते तिला चार वर्षांत एकदाही शिकता आले नाही. तो कोर्स एकच प्राध्यापक वर्षाआड घेत असत. तिच्या दुसऱ्या वर्षी तिचे आधीचे कोर्स पूर्ण नव्हते आणि चौथ्या वर्षी ते संशोधन-रजेवर होते. माहितीपुस्तिकेत कोर्सचे नाव असणे वेगळे आणि तो त्या सत्रात प्रत्यक्ष चालणे वेगळे. मोठ्या विद्यापीठात त्या विषयाचा आख्खा विभाग असतो, आणि तयारी असलेली मुलगी तिसऱ्या वर्षी पदव्युत्तर वर्गातही बसू शकते. गणितात ज्यांची खूप पुढची तयारी झालेली असते त्यांची तर लहान कॉलेजातले सगळे कोर्स तिसऱ्या वर्षीच संपल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. काही ठिकाणी शेजारच्या संस्थांशी असलेल्या करारामुळे ही उणीव भरून निघते: ॲम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक यांच्या विद्यार्थ्यांना जवळच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे कोर्स घेता येतात, आणि क्लेरमाँटची पाच कॉलेजे तर एकमेकांना लागूनच आहेत. तुमच्या कॉलेजाचा असा करार आहे का आणि तिथे जायला बस किती वेळाने सुटते, एवढे नक्की विचारा.

म्हणून पद्धत अशी. मुलीला एका संध्याकाळी दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर गेल्या दोन वर्षांची प्रत्यक्ष वेळापत्रके उघडायला सांगा. माहितीपुस्तिका नव्हे, सत्रवार वेळापत्रक. ती बहुतेक ठिकाणी सर्वांना पाहता येतात. जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांचा मार्ग खुला ठेवून तिने दोन्हीकडचे आपले तिसरे सत्र कागदावर मांडावे: कोणते चार-पाच कोर्स, कोणत्या वाराला, कोण शिकवते, वर्गात जागा किती, आणि आधी काय झालेले असावे लागते. जिथे अडेल तिथे तिने स्वतः त्या विभागाला ईमेल लिहावी. उत्तर किती दिवसांत आणि कोणाकडून येते, यावरूनही पुष्कळ कळते. माझ्या अनुभवात हा कागद तयार होईपर्यंत निम्म्या मुलांचे मन आपोआप एका बाजूला झुकलेले असते, आणि ते झुकणे माहितीवर आधारलेले असते.

वर्गाच्या आकाराविषयी संस्था जे सरासरीचे आकडे छापतात त्यांच्याकडे मात्र सावधपणे पाहा. समजा एका विभागात दहा कोर्स आहेत. नऊ कोर्सांत प्रत्येकी १० विद्यार्थी आणि दहाव्यात ३००. सरासरी ३९ येते आणि नव्वद टक्के वर्ग लहान आहेत हेही खरे ठरते, पण एकूण ३९० जागांपैकी ३०० जागा त्या एकाच सभागृहात आहेत. म्हणजे कोणत्याही विद्यार्थ्याला विचारले तर तो बहुधा त्या सभागृहातच बसलेला असणार. जवळपास सगळ्या संस्था ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे पत्रक दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘आय’ विभागात वर्गांची संख्या आकारानुसार मांडलेली असते. १०० च्या वरचे किती आणि त्यांत तुमच्या मुलीचे कोर्स आहेत का, हे तिथे आणि वेळापत्रकात ताडून पाहा. मोठ्या व्याख्यानाला जोडलेले लहान सेक्शन बहुतेक वेळा पदव्युत्तर विद्यार्थी घेतात. त्यांच्यात उत्तम शिकवणारे मी कितीतरी पाहिले. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नसून पुढच्या वर्षी ते तिथे नसतात हा आहे.

अबोलपणाबद्दल माझे मत तुमच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. बारा जणांच्या वर्गात लपायला जागा नसते. बोलणे हा तिथे गुणांचा भाग असतो, दर तासाला मत मांडावे लागते, आणि जी मुलगी विचार करून, लिहून व्यक्त होते तिला पहिले वर्ष फार जड जाऊ शकते. काही अबोल मुली या सवयीने मोकळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. काहींनी दुसऱ्या वर्षी व्याख्यानाचेच कोर्स शोधायला सुरुवात केली. उलट मोठ्या विद्यापीठात शांत मुलीला आपला कोपरा सापडतो. एखाद्या प्रयोगशाळेत आठवड्याला दहा तास काम करून ती तिथल्या चार जणांत सामावून जाते. मग पाहायचे काय? अडल्यावर ती स्वतः मदत मागते का, हे पाहायचे. शाळेत गणित अडले तेव्हा ती शिक्षकांकडे गेली होती, की गुणपत्रिका येईपर्यंत तुम्हाला कळलेच नव्हते? अबोल असूनही मदत मागणारी मुलगी मोठ्या विद्यापीठात उत्तम निभावते. जी मागत नाही तिच्यासाठी, कोणीतरी आपणहून दार ठोठावेल अशी जागा शोधावी. याचे उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते; त्याचा विचार असेल तर दोन-तीन गोष्टी तपासा. वैद्यकीय महाविद्यालयांना विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, आणि ज्यांनी तुम्हाला नावाने ओळखले आहे त्यांचेच पत्र कामाचे असते. लहान कॉलेजात हे सहज होते. शिवाय अनेक लहान कॉलेजांत एक समिती सर्व कागद पाहून एकत्रित पत्र देते. पण कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना ही समिती पत्र नाकारते का, हे स्पष्ट विचारा, कारण काही ठिकाणचे प्रवेशाचे आकडे या गाळणीमुळेच चांगले दिसतात. मोठ्या विद्यापीठात ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसारख्या कोर्सांत गुण अनेकदा वर्गाच्या तुलनेत दिले जातात आणि शेकडो स्पर्धक असतात, मात्र जवळच रुग्णालय आणि संशोधनशाळा असतात. मिशिगन विद्यापीठाचा पदवी-विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन उपक्रम १९८९ पासून चालू आहे आणि त्यात पहिल्या वर्षापासून प्राध्यापकांच्या प्रकल्पावर काम मिळू शकते. तुमच्या विद्यापीठात असा उपक्रम असेल तर त्याचा अर्ज कोणत्या महिन्यात भरायचा हे आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण मोठ्या संस्थेत तारीख चुकली की संधी गेली.

तिच्या वडिलांची नावाबद्दलची शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकू नये. ओळखीच्या वर्तुळात नाव माहीत असणे आणि पदव्युत्तर प्रवेश-समितीला माहीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर पुढे पीएचडी करणाऱ्या पदवीधरांच्या यादीत रीड, स्वार्थमोर, कार्लटन यांसारखी लहान कॉलेजे फार वर असतात. नोकरीच्या बाबतीत मात्र मोठ्या विद्यापीठाची बाजू जड आहे: मोठ्या कंपन्या भरतीसाठी जिथे एका दिवसात हजार मुले भेटतील तिथे आधी जातात, आणि राज्यातच राहून काम करायचे असेल तर त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी प्रत्येक कार्यालयात भेटतात.

नावापेक्षा मला जास्त महत्त्वाचे वाटते ते लहान कॉलेजाचे आर्थिक आरोग्य. न्यू यॉर्क राज्यातले, १८६८ मध्ये स्थापन झालेले वेल्स कॉलेज २०२४ मध्ये बंद झाले. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर कॉलेजाने २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली होती. माजी विद्यार्थिनींनी लढून ते वाचवले. ग्रिनेलसारख्या, दोन अब्ज डॉलरांहून मोठा कायम निधी असलेल्या कॉलेजाबद्दल ही चिंता नाही. तुमच्या कॉलेजाचा निधी किती आहे आणि गेल्या पाच-सहा वर्षांत विद्यार्थिसंख्या घसरत आली आहे का, हे पाहा. दोन्ही उत्तरे निराशाजनक असतील तर कितीही मदत देऊ केली तरी मी मुलीला तिथे पाठवणार नाही.

आता पैशांचे. दोन्हीकडच्या खर्चात वर्षाला १८,००० म्हणजे चार वर्षांत ७२,००० डॉलरांचा फरक आहे, आणि दरवर्षीची वाढ धरली तर तो याहून मोठा होईल. मुलीच्या स्वतःच्या नावावर मिळणाऱ्या सरकारी कर्जाला मर्यादा आहे: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षे प्रत्येकी ७,५००, म्हणजे चार वर्षांत सारे मिळून २७,०००. उरलेले पालकांच्या नावे येते, आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने घेतल्या जाणाऱ्या पालक-कर्जालाही प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० व एकूण ६५,००० डॉलरांची मर्यादा लागू होते. त्याच तारखेपासून नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ग्रॅड प्लस कर्ज बंद होत असून वैद्यकीय शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० ची मर्यादा येते. म्हणजे डॉक्टर व्हायचे असेल तर आज वाचवलेला डॉलर तेव्हा फार उपयोगी पडेल.

कॉलेजाच्या मदतपत्रात मदत चारही वर्षे मिळणार का आणि तिला किमान गुणांची अट आहे का, हे तपासा. धाकट्या भावाचा मुद्दाही इथे येतो. २०२४-२५ पासून फाफ्सा या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाच्या सूत्रात एकाच वेळी दोन मुले कॉलेजात असल्याची सवलत उरलेली नाही, पण सीएसएस प्रोफाइल हा मदतीसाठीचा वेगळा, अधिक तपशीलवार अर्ज मागवणारी अनेक खासगी कॉलेजे स्वतःचा निधी वाटताना ती अजून विचारात घेतात. तुमच्या कॉलेजाने तसे लेखी सांगितले तर तिसऱ्या वर्षापासूनचा आकडा बराच उतरू शकतो. या मुद्द्यावर आणि गेल्या वर्षी घरात झालेला वैद्यकीय किंवा अन्य असामान्य खर्च दाखवून मदत-कार्यालयाला फेरविचाराचे पत्र याच आठवड्यात पाठवा. पत्र नम्र आणि एका पानाचे असावे, कागद जोडावेत, आणि नेमक्या किती रकमेत जमू शकेल तो आकडा लिहावा. अशी पत्रे ते रोज वाचतात, त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही.

माझा कल स्पष्ट सांगते. फेरविचारानंतर फरक वर्षाला ८-१० हजारांवर आला, कॉलेज आर्थिकदृष्ट्या भक्कम असले आणि मुलगी मदत मागायला कचरणारी असली, तर मी लहान कॉलेज निवडेन. दोन विषयांत मन अडकलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत मोकळेपणाने शोधू देण्याचे काम ती कॉलेजे फार चांगले करतात. फरक १८,००० च राहिला तर मी राज्यातले विद्यापीठ निवडेन आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग तिच्या उन्हाळ्यांसाठी बाजूला ठेवेन, म्हणजे बिनपगारी प्रयोगशाळेत काम करायची वेळ आली तरी तिला पैशांसाठी थांबावे लागणार नाही. तसे ठरल्यास तिने ऑनर्स कार्यक्रमासाठी, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या लहान वर्गांच्या कार्यक्रमासाठी, अर्ज अजून करता येतो का हे पाहावे, एकाच विषयाची मुले एकत्र राहतात अशा वसतिगृहाचा पर्याय निवडावा, आणि पहिल्या सत्रातल्या एका तरी प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला दर पंधरा दिवसांनी एक तयार प्रश्न घेऊन जावे. पहिली भेट अवघड वाटेल, म्हणून ती सप्टेंबरमध्ये, काहीही अडलेले नसताना घ्यावी; ऑक्टोबरात पहिली चाचणी झाली की दाराबाहेर रांग लागते.